लस दिल्लीत, गाठी चिनावलात

4 ऑगस्ट 2022 रोजी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातल्या चिनावल गावात लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य त्वचारोगाची, लागण सापडली आणि महाराष्ट्रातल्या मोठ्या साथीची सुरुवात झाली. सहाच दिवसांनी, 10 ऑगस्टला, दिल्लीत ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ ही देशी लस जाहीर झाली. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था यांनी ती तयार केली होती. त्यासाठीचा विषाणू 2019 मध्ये रांचीच्या जनावरांतून मिळवलेला. खानदेशच्या गोठ्यांत मात्र पोचली ती शेळ्यांच्या देवीची लस.

त्यात फसवणूक नव्हती. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून एकाची लस दुसऱ्यालाही बऱ्याच अंशी अडवते. नव्या लसीला परवाना मिळून ती कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत गोमाश्या, डास आणि गोचीड थांबत नाहीत. हाताशी होती ती लस टोचली, हे योग्यच झाले. त्याच हिसारच्या संशोधनावर बेंगळुरूच्या बायोव्हेटने बनवलेल्या ‘बायोलम्पीव्हॅक्सिन’ला परवाना मिळाला तो फेब्रुवारी 2025 मध्ये. जनावराच्या रक्तातली प्रतिकारशक्ती लसीची की आजाराची, हे त्या लसीमुळे ओळखता येते. साथ कुठवर पसरली हे शोधताना त्याचे मोल फार.

अवघड प्रश्न दावणीपाशी उभा राहतो. लस निरोगी जनावराला द्यायची. गाठी आलेल्याला ती मिळत नाही. शेजाऱ्याच्या धडधाकट बैलाला सुई आणि आपल्या तापाने फणफणलेल्या बैलाला नाही, हे कपाशीची कोळपणी खोळंबलेल्या माणसाने कसे समजून घ्यायचे? बोली भाषेत, गोठ्यात उभे राहून समजावणारा डॉक्टर लसीइतकाच गरजेचा असतो. तो वेळेवर आला नाही, तर कुणीतरी प्रतिजैविकांची सुई मारून पैसे घेऊन जातो. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. ते लागते जखमा चिघळल्या तर, आणि मग औषधाचा अंश उतरेपर्यंत त्या गायीचे दूध डेअरीला घालायचे नसते.

युरोपात एका जनावराला लम्पी झाला, तरी अख्खा कळप मारण्याचा नियम आहे. 2025 मध्ये फ्रान्सचे शेतकरी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. आपल्याकडे तो मार्ग नाही, आणि नसावाच. पण न मारण्याची किंमत कुणी मोजायची? महिनोन्महिने आजारी बैलाला चारा-पाणी, औषध, मलम शेतकरीच करतो. 2022 च्या साथीत राज्य सरकारने मृत गायीला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार रुपये ठरवले. ही मदत मेल्यावरची. वाचलेल्या, पण आटलेल्या गायीचे आणि पायाला सूज राहिलेल्या बैलाचे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. ते आले पाहिजे.

जागतिक पशुआरोग्य संघटना या रोगाचा सुप्तकाळ 28 दिवसांपर्यंत धरते. म्हणजे बाजारातून आणलेले जनावर डोळ्यांना ठणठणीत दिसले, तरी रोग घेऊन आलेले असू शकते. धुळे-जळगावच्या पशुपालकांना म्हणूनच विनंती: नवे जनावर 28 दिवस वेगळ्या दावणीला बांधा, आणि त्याचे पाणी-वैरण आपल्या गुरांपासून वेगळे ठेवा.