छातीच्या एक्स-रेत दिसणारं पोट

पोटात अचानक असह्य कळ आली की डॉक्टर पेशंटला उभं करून छातीचा एक्स-रे का काढतात? उजवीकडे, यकृताच्या वर आणि श्वासपटलाच्या खाली काळी चंद्रकोर दिसते का, हे पाहायला! अल्सर फुटला की आतली हवा पोटाच्या पोकळीत सुटते आणि वर चढून तिथे साचते. (पोटाच्या ऑपरेशननंतरही ती काही दिवस दिसू शकते.) डावीकडचा काळा फुगा मात्र बहुधा जठरातली नेहमीचीच हवा.

त्याच फिल्मवर हृदयही मोजता येतं. त्याची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर ते वाढल्याचा संशय. पण खाटेवर, समोरून काढलेल्या फिल्मवर निरोगी हृदयही मोठं दिसतं. हार्ट अटॅक ओळखायला मात्र आधी ईसीजीच हवा.