खरा शेक

नाशिकला मुंबई नाक्याजवळचं मानवता रुग्णालय असो की आणखी कुठलं केंद्र, रुग्णाचे नातेवाईक ‘रेडिओथेरपी’ असं क्वचितच म्हणतात. ‘लाइट चालू आहेत’ किंवा ‘शेक देताहेत’, एवढंच. गंमत अशी की या शेकात ऊब नसतेच. रेडिएशनच्या रोजच्या 2 ग्रे मात्रेने शरीराचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही चढत नाही.

खरा शेक देऊन पाहिला तो विलेपार्ल्याच्या नानावटी रुग्णालयात, डॉ. नागराज हुइलगोळ आणि सहकाऱ्यांनी. यंत्राचं नाव थर्मेट्रॉन. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये रुग्णाला निजवायचं आणि 8.2 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडायच्या. इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामध्ये गार पाण्याच्या पिशव्या, नाहीतर कॅन्सरची गाठ तापण्याआधी कातडीच भाजायची.

असा शेक साधारण 40 ते 43 अंशांचा असतो, म्हणजे कडक तापाच्या आसपास. एवढ्याने काय होतं? गाठीच्या आत रक्त नीट पोचत नाही, प्राणवायूची टंचाई असते. पेशींचा डीएनए कायमचा मोडायला रेडिएशनला हाच प्राणवायू हवा असतो, म्हणून तिथल्या पेशी चिवट ठरतात. सौम्य उष्णतेने रक्त खेळू लागतं. शिवाय मोडलेला डीएनए सांधायची पेशीची यंत्रणाही लुळी पडते. आसपासच्या निरोगी भागातल्या रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता वाहून नेतात. गाठीतल्या वेड्यावाकड्या वाहिन्यांना ते तितकं जमत नाही, म्हणून गाठच जास्त तापते.

नानावटीतल्या चाचणीचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. डोकं-मानेचा बळावलेला कॅन्सर असलेले 54 रुग्ण. रेडिएशन सगळ्यांना, शेक त्यांतल्या 28 जणांना. नुसत्या रेडिएशनने 42.4 टक्के रुग्णांची गाठ पूर्ण विरली, शेकाच्या जोडीने 78.6 टक्क्यांची. जगण्याचा मध्यक 145 दिवसांवरून 241 वर गेला. तुकडी लहान होती, आणि 241 दिवस म्हणजे जेमतेम आठ महिने, हेही खरंच. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या डच चाचणीत, 2000 साली, तीन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण 27 वरून 51 टक्क्यांवर गेलेलं दिसलं होतं.

मग हे यंत्र गावोगावी का नाही? गाठ आत किती तापली हे नेमकं कळायला तिच्यात सुईसारखा तापमापक खुपसावा लागतो. आणि रेडिएशनच्या टेबलावरून रुग्ण दहा-पंधरा मिनिटांत उठतो. शेकाला अर्धा तास, वर जुळवाजुळवीचा वेळ वेगळाच. दाराबाहेर तर रांग लागलेली असते.