शहात्तर वर्षं बंद राहिलेलं हॉटेल

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्याच्या आराखड्यावरून उभा राहिला, तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधीच आला नाही. त्याचं लंडनमधलं एक मोठं काम म्हणजे सेंट पॅन्क्रस स्टेशनाच्या तोंडाशी उभं असलेलं मिडलंड ग्रँड हॉटेल.

मिडलंड रेल्वे लंडनमध्ये उशिरा पोचली. शेजारीच प्रतिस्पर्ध्यांचं किंग्ज क्रॉस होतं, त्यामुळे स्टेशन आणि हॉटेल दोन्ही डोळ्यांत भरणारी हवी होती. अभियंता विल्यम बार्लोनं मधे एकही खांब न घेता ७३ मीटर रुंदीचं लोखंडी छत उभारलं. स्कॉटनं मागितल्यापेक्षा मोठा, महागडा आराखडा दिला, आणि कंपनीनं तोच निवडला. ५ मे १८७३ रोजी हॉटेल उघडलं. नॉटिंगहॅमच्या लाल विटा, टोकदार कमानी, पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट. सगळा थाट होता. आतला भव्य जिना तर आजही पाहत राहावा असा. त्याच्या पायऱ्यांना खालून आधार देणारे लोखंडी पट्टे स्कॉटनं झाकले नाहीत, उलट नक्षीनं सजवले.

मात्र ३०० खोल्यांना न्हाणीघरं मोजकीच होती. पाहुण्यांच्या अंघोळीचं गरम पाणी आणि शेकोटीचे कोळसे नोकर खोलीखोलीत वाहून नेत. पुढे प्रत्येक खोलीला न्हाणीघर ही लोकांची साधी अपेक्षा झाली; पण आगीला दाद न देणाऱ्या इथल्या जाडजूड काँक्रीटच्या तक्तपोशीतून नळ नेणं फार जिकिरीचं आणि खर्चिक होतं. मजबुतीच हॉटेलच्या मुळावर आली. १९३५ मध्ये ते बंद पडलं आणि तिथे रेल्वेची कचेरी थाटली गेली.

१९६० च्या दशकात इमारत पाडायच्या हालचाली सुरू झाल्या. जवळच्या युस्टन स्टेशनाची प्रसिद्ध कमान नुकतीच जमीनदोस्त झाली होती. कवी जॉन बेट्जमन आणि व्हिक्टोरियन सोसायटी यांनी आवाज उठवला, आणि १९६७ मध्ये वास्तूला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. २००७ मध्ये पॅरिसकडे जाणाऱ्या युरोस्टार गाड्या इथून सुटू लागल्या. २०११ मध्ये हॉटेल पुन्हा उघडलं.

पहिल्या खेपेला ६२ वर्षं चाललेलं हे हॉटेल त्यानंतर ७६ वर्षं बंद होतं. निरुपयोगी ठरवून ते तेव्हाच पाडलं असतं, तर युरोस्टारच्या प्रवाशांना उतरायला ते उरलंच नसतं. जुन्या वास्तूंचा हिशेब करताना आजच्या गरजेची फूटपट्टी अपुरी पडते. उद्या त्यांचं काय काम निघेल, हे पाडणाऱ्याला ठाऊक नसतं.