शिफ्ट सुटल्यावर कोणतं तेल?

चाकणच्या असेंब्ली लाइनवर आठ तास उभं राहिलं की पोटऱ्या दगडासारख्या होतात. मग भोसरी-तळवड्याच्या खोल्यांत तेलाची बाटली निघते. बिहारकडून आलेला मोहरीचं तेल काढतो, आपल्याकडचा बहुधा खोबरेल. ज्याच्या घरी जे वापरत आले, ते. आयुर्वेद मात्र तेल निवडताना प्रकृती, ऋतू आणि श्रम पाहतो.

जागरण आणि अतिश्रम वात वाढवतात, आणि नाइट शिफ्टमध्ये दोन्ही एकदमच येतात. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, सांगितला, त्यातही डोकं, कान आणि तळपायांवर भर दिला. वातासाठी पहिला मान तिळाच्या तेलाचा, म्हणून बहुतेक कामगारांनी तेच घ्यावं असं मला वाटतं. पित्ताच्या माणसाला, विशेषतः भट्टीजवळ काम असेल तर, खोबरेल मानवतं. मोहरी कफाला.

तिळाच्या तेलात ओलिक आणि लिनोलिक आम्लं जवळजवळ सारखी असतात आणि त्यातले नैसर्गिक घटक ते लवकर खवट होऊ देत नाहीत. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं, म्हणून डिसेंबरात बाटली गरम पाण्यात ठेवावी लागते. मोहरीतलं आयसोथायोसायनेट त्वचेतल्या चेतातंतूंना डिवचतं, ती चुणचुण आपल्याला ऊब वाटते. तान्ह्या बाळाला किंवा सोललेल्या त्वचेला हे तेल लावू नये.

तेल हाडापर्यंत मुरतं, हे मात्र खरं नाही. त्वचेतून साधारण 500 डाल्टनपर्यंतचेच (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक) रेणू सहज आत जातात, तेलाचा रेणू 880 च्या आसपास. तो वरच्या थरात राहून त्वचेतला ओलावा धरतो. तेलात मिसळलेला कापूर मात्र 152 डाल्टनचा, तो आत शिरतो. आखडलेला स्नायू सैल होतो तो मुख्यतः हाताच्या दाबाने आणि उबेने. म्हणून महागड्या बाटलीपेक्षा कोमट तेल आणि दहा मिनिटांचा वेळ जास्त उपयोगी.

मशीन शॉपमधल्यांनी आधी हातापायांवरचं कूलंट साबणाने धुवावं. कूलंटने त्वचा आधीच चिडलेली असते, त्यावर तेल चोळलं तर खाज वाढू शकते. ताप किंवा अजीर्ण असताना मालीश नको. आणि एकच पोटरी सुजून गरम झाली, दुखू लागली, तर तिला अजिबात चोळू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.