खेळ मोबाईलमध्ये, पाय रस्त्यावर

मुलगा मोबाईल डोळ्यांसमोर धरून गल्लीतून चालतो, मध्येच थांबतो, स्क्रीनवर बोट ओढतो आणि ओरडतो, "पकडला!" समोर तर काहीच नसते. आई घाबरते, पोराला झाले तरी काय? काही झालेले नसते. तो 'पोकेमॉन गो' खेळत असतो. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला हा खेळ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतात आला. तो घरात बसून नव्हे, चालत खेळायचा असतो. म्हणूनच त्याचा आपल्या आरोग्याशी संबंध आहे, चांगलाही आणि वाईटही.

खेळ चालतो कसा?

या खेळाचे दोन भाग आहेत. पहिला जागेचा. आपण कुठे आहोत हे फोनला जीपीएसमुळे कळते आणि आपण चालू तसा खेळातला नकाशा सरकतो. दुसरा भाग चित्राचा. कॅमेरा समोरचा रस्ता दाखवतो, फोन कुठे वळला हे आतले सेन्सर ओळखतात आणि त्या दृश्यावर खेळातला प्राणी बसवला जातो. तो जणू आपल्या नळाजवळच उभा आहे असे वाटते. यालाच 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' किंवा थोडक्यात 'एआर' म्हणतात.

चालणे घडते ते पहिल्या भागामुळे. दुसरा भाग बंद केला तरी खेळ चालतो. पालकांनी एवढे नक्की लक्षात ठेवावे.

फायदा किती?

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील १८ ते ३५ वयाच्या तरुणांची पावले मोजली. खेळ सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात ती रोज सरासरी ९५५ ने वाढली, म्हणजे सुमारे दहा मिनिटांचे जादा चालणे. मात्र सहाव्या आठवड्यापर्यंत ही वाढ नाहीशी झाली. खेळाने चालण्याची सुरुवात होते, सवय आपल्यालाच लावावी लागते.

धोका कुठे?

डोळे स्क्रीनवर आणि पाय रस्त्यावर, हाच खरा धोका. ऑगस्ट २०१६ मध्ये जपानमध्ये हा खेळ खेळत गाडी चालवणाऱ्या एका माणसाने दोन महिलांना धडक दिली. त्यातली एक दगावली.

दुसरा धोका अंतराचा. खेळात वस्तू मिळण्याची ठिकाणे ठरलेली असतात. त्यांतली बरीचशी त्याच कंपनीच्या जुन्या खेळातून आली. ती त्या वेळच्या खेळाडूंनी सुचवली होती. खेळाडू जिथे जास्त, तिथे ठिकाणे जास्त. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत ती कमी असल्याचे २०१६ मध्येच दिसून आले. आपल्या वस्तीजवळही ठिकाण नसेल, तर मूल त्यासाठी मोठा रस्ता किंवा रेल्वेचे रूळ ओलांडू शकते.

घरात एवढे करा

१. एआर बंद ठेवायला शिकवा. कॅमेरा बंद राहिला की बॅटरीही जास्त टिकते.

२. चालताना फोन खिशात. पोकेमॉन जवळ आला की फोन थरथरेल अशी सोय खेळात आहे. तेव्हा कडेला थांबून मगच स्क्रीन पाहायची.

३. रस्ता, रूळ, उघडे गटार, बांधकामाची जागा इथे खेळ नाही. सायकल वा गाडी चालवताना तर मुळीच नाही.

४. लहान मुलांबरोबर मोठ्यांपैकी कुणीतरी असावे. अंधार पडण्याआधी घरी.

५. खेळ बंद असतानाही पावले मोजण्याची सोय २०१८ पासून त्यात आहे. ती सुरू करा. मग शाळेत, बाजारात, विहारात चालत गेलेली पावलेही खेळात जमा होतात.

मुलाच्या हातून मोबाईल हिसकावून घेण्यापेक्षा एक संध्याकाळ त्याच्याबरोबर चालून पाहा. कुठली वाट धोक्याची आहे हे तुम्हालाही कळेल, आणि पावले दोघांचीही वाढतील.