चुकून डिलीट झालेली युजर खाती परत कशी आणायची?



मागच्या वर्षी संगणक कक्षाच्या सर्व्हरवरची जुनी खाती काढताना माझ्या हातून चौथीचा अख्खा गट डिलीट झाला. घाईघाईत मी त्याच नावांची नवी खाती तयार केली. पण मुलांना स्वतःचीच चित्रं उघडेनात! असं का झालं?

आपल्या जनरल रजिस्टरचं उदाहरण घ्या. नावं सारखी असू शकतात, पण प्रत्येक मुलाचा रजिस्टर नंबर वेगळा. विंडोज सर्व्हरच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतही प्रत्येक खात्याला असा स्वतंत्र क्रमांक असतो, त्याला एसआयडी म्हणतात. फाईल उघडायची परवानगी नावाला नाही, तर या क्रमांकाला मिळते. नवं खातं म्हणजे नवा क्रमांक. म्हणून नवं खातं बनवू नका, जुनंच परत आणा.

त्यासाठी विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून 'रिसायकल बिन' ही सोय आहे. मात्र ती आधी सुरू केलेली हवी. डिलीट झाल्यावर सुरू केली तर आधी गेलेल्या खात्यांना तिचा उपयोग नाही. आमच्याकडे सुदैवाने ती सुरू होती.

कृती अशी (सर्व्हर २०१२ व पुढे):

१. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटर उघडा.
२. आपल्या डोमेनमधील 'डिलीटेड ऑब्जेक्ट्स' वर जा.
३. त्याच नावाचं नवं काही बनवलं असेल तर ते आधी काढा किंवा त्याचं नाव बदला.
४. आधी गट 'रिस्टोर' करा, मग त्यातली मुलं. घरच नसेल तर माणसं राहणार कुठे?

जुना क्रमांक, पासवर्ड, सदस्यत्व सगळं परत येतं. मुदत साधारणपणे १८० दिवसांची असते. ती संपली की ही वाट बंद. 

दोन कामं आजच करा. रिसायकल बिन सुरू आहे का ते पाहा. एकदा सुरू केली की बंद करता येत नाही. आणि प्रत्येक गटाच्या प्रॉपर्टीजमध्ये अपघाती डिलीटपासून संरक्षणाच्या चौकटीत टिक करा. आमच्याकडे तीच टिक नव्हती!

मुलांची चित्रं परत मिळाली. चूक माझी होती, म्हणूनच इथे लिहिली. तुमच्या शाळेत ती होऊ नये.