विश्वप्रमुख टॉम ऑल्टर

नव्वदच्या दशकाअखेर मी चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर होतो आणि राहायला पुनावळ्यात. तेव्हाचं पुनावळे म्हणजे पवनेकाठचं शेतीचं गाव. आजच्यासारखे उंचच उंच टॉवर नव्हते. आमच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवारी आम्ही कामावर. ‘शक्तिमान’ रविवारी दुपारी लागायचं, तेव्हा बाप मशीनवर आणि पोरं टीव्हीपुढं. काय झालं ते संध्याकाळी पोरांच्या तोंडून ऐकायचं. एकदा माझा मुलगा म्हणाला, “बाबा, शक्तिमानचे महागुरू गोरे आहेत, पण हिंदी आमच्या मास्तरांपेक्षा भारी बोलतात.”

हे महागुरू म्हणजे टॉम ऑल्टर. १९९८ साली दूरदर्शनवर केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ ही अंतराळमालिका आली. तिच्यात व्योम होता मिलिंद सोमण, आणि साऱ्या पृथ्वीचा कारभार पाहणारे ‘विश्वप्रमुख’ होते पुन्हा टॉम ऑल्टर. आपल्याकडे विज्ञान मालिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतल्या दोन गाजलेल्यांत हा एकच माणूस वडीलधाऱ्याच्या जागी असावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

चरित्र अभिनेत्याचं काम काय असतं? नायक उड्या मारतो, लढतो. ते जग खरं आहे, हे प्रेक्षकाला पटवायची जबाबदारी मात्र बाजूच्या माणसांवर असते. ऐतिहासिक नाटकात पगडी आणि वाडा दिसला, की अर्धं काम झालं. पण ‘कॅप्टन व्योम’ घडते २१२३ साली. तिथला माणूस कुणी पाहिलाय? सेट बेताचे, यानं संगणकावर काढलेली. विज्ञानपटातल्या नटाला पुष्कळदा समोर काहीही नसताना बोलावं लागतं, चित्र मागाहून भरतात. अशा वेळी गुरू ग्रहाच्या उपग्रहावरच्या तुरुंगातून कैदी पळाले, हे वाक्य प्रेक्षक हसणार नाही अशा रीतीनं म्हणायचं असतं. पवनेचं पाणी चढतंय हे तलाठ्यानं चावडीवर सांगावं, तसं ऑल्टर ते सांगत. आवाज चढवणं नाही, डोळे वटारणं नाही. तेवढ्यापुरतं २१२३ साल खरं वाटायचं.

हे त्यांच्याकडे आलं कुठून? बरंचसं आपल्या पुण्यातून. ऑल्टर जन्मले मसुरीला, १९५० साली. आजी-आजोबा अमेरिकेतल्या ओहायोतून १९१६ मध्ये मिशनरी म्हणून भारतात आले, वडिलांचा जन्म सियालकोटचा. घरात इंग्रजीबरोबर हिंदी-उर्दू लहानपणापासून. अमेरिकेत येल विद्यापीठात जाऊन आले, पण तिथं मन रमलं नाही. हरियाणातल्या जगाधरीला शिक्षकी करत असताना ‘आराधना’ पाहिला आणि राजेश खन्ना व्हायचं ठरवलं. १९७२ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. तिथं अभिनय शिकवायला रोशन तनेजा होते. समोरच्याचं ऐकायचं आणि खरोखर ऐकलंय तेवढंच बोलायचं, हा तनेजांच्या शिकवणीतला मोठा धडा. मला वाटतं, विश्वप्रमुखाचा संथपणा तिथला.

राजेश खन्ना काही होता आलं नाही. चेहरा आडवा आला. १९७६ च्या ‘चरस’पासून पडद्यावर सुरुवात झाली आणि पुढं साहेब, कलेक्टर, स्मगलर, व्हाइसरॉय यांची रांग लागली. ‘शतरंज के खिलाडी’त (१९७७) सत्यजित राय यांनी त्यांना कॅप्टन वेस्टन केलं खरं, पण नवाबाची शायरी उर्दूत म्हणून दाखवणारा वेस्टन. एवढा विचार बाकी कितीजणांनी केला? ‘क्रांती’सारख्या चित्रपटात गोरा म्हणजे जुलमी, एवढं पुरे होतं. अपवाद होतेच, ‘जुनून’ मालिकेतला त्यांचा केशव कल्सी हा गुंड वर्षानुवर्षं घराघरांत पोचला. पण ‘तुमचं हिंदी किती छान!’ असं कुणी म्हटलं की ऑल्टरना ते खटकायचं. मसुरीत जन्मलेल्या माणसाला हिंदी येतं याचं कौतुक कसलं?

हे खटकणं मला समजतं. कामगार नाट्यस्पर्धेत मी अकरा वर्षं कामं केली, त्यांतली नऊ वर्षं हवालदार. अंगानं आडवा, मिशी जाड, दिग्दर्शकाला दुसरं काही दिसायचंच नाही. माझा एवढासा किस्सा, त्यांची तर सारी कारकीर्द!

म्हणूनच विज्ञान मालिकांमधली त्यांची कामं मला महत्त्वाची वाटतात. भविष्यातल्या जगात साहेब आणि नेटिव्ह हा हिशेबच उरत नाही. विश्वप्रमुखाला देश नाही, महागुरूला तर त्याहून नाही. तिथं गोरा चेहरा कशाचीही खूण नव्हता. उरला तो आवाज आणि ती भाषा. ज्या मालिकांकडे समीक्षकांनी पोरखेळ म्हणून पाहिलं, त्यांनीच या नटाला त्याच्या कातडीबाहेर काढलं. रंगभूमीवर हेच त्यांनी मौलाना आझादांच्या एकपात्री भूमिकेत केलं, तेही उर्दूत. १९८९ मध्ये, भारतीय संघात यायच्या आधीच्या सचिन तेंडुलकरची कॅमेऱ्यापुढं मुलाखत घेणारेही हेच, हे जाता जाता सांगतो.

२००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ सप्टेंबर २०१७ ला त्वचेच्या कर्करोगानं ते मुंबईत गेले, वय ६७. श्रद्धांजलीच्या मजकुरात ‘हिंदी चित्रपटांतला गोरा साहेब’ हे शब्द पुन्हा आलेच.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवलं. मी निवृत्त झालेलो, सगळेच वार रविवार. नातवाला घेऊन पहिल्यांदा नीट बघत बसलो. तमराज किल्विषाला पाहून तो पोट धरून हसला. महागुरू बोलायला लागल्यावर मात्र गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, “आजोबा, हे कुठल्या देशाचे?”

मी म्हटलं, “मसुरीचे.”